विषय: जुन्या बुलेटसाठी घेतलेल्या डिस्क किटचा ब्रेक चालत्या गाडीत जाम झाला, पैसे परत द्या आणि आधी बाकीच्या गिऱ्हाइकांना कळवा

नमस्कार,

मी ठाण्याहून लिहितोय, नौपाड्यातून. तुमच्या वेबसाइटवरून जुन्या बुलेट ३५० साठी पुढच्या चाकाचं डिस्क ब्रेक किट मी मार्चमध्ये मागवलं, १६,४०० रुपये भरून. हा माझा चौथा मेल. पहिल्या दोन मेलना उत्तर आलं की "सिस्टीममध्ये एअर असेल, परत ब्लीड करून घ्या" (म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढून घ्या) आणि तिसऱ्याला आलं की "लोकल मेकॅनिककडून फिटिंग केल्यामुळे वॉरंटी लागू नाही". म्हणून यावेळी सगळं पहिल्यापासून लिहितोय, लांबलंय, पण ज्याला ब्रेकमधलं कळतं अशा माणसाला हे वाचायला द्या एवढी विनंती.

गाडी १९८७ ची आहे, बाबांनी नवी घेतलेली, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. बाबांचं म्हणणं होतं की गाडी आहे तशीच ठेव, आणि मलाही तेच हवं होतं, पण पुढचा तो सात इंची ड्रम आत्ताच्या ट्रॅफिकमध्ये पुरत नाही. नवीन लायनर टाकले, केबल बदलली, तरी पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन दाब फुकटच जातात. आम्हाला घोडबंदर रोडवरून नेहमी जावं लागतं, मेव्हणी वसईला राहते. त्या रस्त्याला जेएनपीटीकडून गुजरातला जाणारे ट्रेलर असतात आणि पुढे नवीन गाड्या, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या टू-व्हीलरना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सक्तीचं झालं, त्या जागच्या जागी थांबतात आणि माझी बुलेट त्यांच्यामागे घसरत जाते. म्हणजे मी हे किट हौसेपोटी किंवा दिसायला भारी म्हणून घेतलेलं नाही, ब्रेक लागावा म्हणून घेतलं.

किट आल्यावर पहिली गोष्ट, तुम्ही लिहिलंय "काहीही न बदलता बसतं". तसं बसलं नाही. एक्सलचा बुश आखूड होता, डिस्क कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत होती, तो वागळे इस्टेटच्या लेथवाल्याकडून नवीन करून घेतला, ३५० रुपये लागले. हे मी पहिल्याच मेलमध्ये स्वतःहून सांगितलं होतं आणि तुम्ही तेच धरून बसलात की कस्टमरने पार्ट बदलला. बुश चाकात असतो हो, आणि बिघाड निघालाय हँडलवर.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो, मागे बायको. माजिवड्यापर्यंत एकदम मस्त, ब्रेक इतका छान लागत होता की मी तिला म्हटलंसुद्धा, बघ, पैसे वसूल झाले. मानपाड्यानंतर ट्रॅफिक लागलं, सारखं थांब-चल, आणि गाडी जड वाटायला लागली, तिसऱ्यावर नीट ओढेना. मला वाटलं क्लच गेला. ओवळ्याच्या पुढे जळका वास यायला लागला, पुढचं लिव्हर दगडासारखं घट्ट झालेलं, आणि गायमुखच्या घाटात उतारावर मी ब्रेकला हात लावलेला नसताना पुढचं चाक धरायला लागलं. उतारावर, पुढच्या चाकाला, मागे ट्रेलर! ट्रेलरवाला हॉर्न मारत अगदी अंगाला लागून गेला. कशीबशी डाव्या बाजूला घेतली आणि गाडी जी उभी राहिली ती ढकलता पण येईना, दोघांनी जोर लावूनसुद्धा. डिस्कवर निळसर पट्टा आला होता आणि बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्रर्र आवाज झाला. शेवटी टूलकिटमधला आठ नंबरचा पाना काढून कॅलिपरचा ब्लीड निपल (जिथून ब्रेकची हवा आणि ऑइल बाहेर काढतात तो) जरासा सैल केला, गरम ऑइलची पिचकारी उडाली, माझं बोट भाजलं, आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं.

आता यात एअर कुठून आली ते सांगा. एअर असली तर लिव्हर मऊ लागतं, दाबलं की हँडलपर्यंत जातं, ब्रेक कमी लागतो. माझ्याकडे बरोब्बर उलटं झालं, प्रेशर आत अडकलं आणि निपल उघडल्यावरच सुटलं.

आमचे मेकॅनिक काका तीस-पस्तीस वर्षं ब्रेकचंच काम करतायत. त्यांनी दुसऱ्या दिवशी मास्टर सिलेंडर (हँडलवरचा, लिव्हर दाबलं की ऑइलला प्रेशर देणारा) गाडीवरून काढून टेबलावर बांधला, वरचं झाकण उघडलं, ऑइल भरलं आणि म्हणाले, आता बघ. त्याच्यावरच्या ऑइलच्या टाकीच्या तळाला दोन छिद्रं असतात, त्यातलं एक इतकं बारीक की जेमतेम सुई जाईल. लिव्हर सोडलेलं असताना ते उघडं पाहिजे, म्हणजे ऑइल गरम होऊन फुगलं की तिथून टाकीत परत येतं. चांगल्या सिलेंडरचं लिव्हर हलकंसं दाबलं की त्या छिद्रातून ऑइलचं बारीकसं कारंजं उडतं. काकांनी शेजारच्या एका पल्सरवर दाखवलं, उडालं. तुमच्यावर काहीच नाही. मग त्यांनी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर केसभर मागे ओढलं आणि दाबलं, लगेच कारंजं! म्हणजे तुमच्या लिव्हरचं जे नाक पिस्टनला टेकतं तेच लांब आहे, ब्रेक सोडलेला असतानाही ते पिस्टन आत दाबून ठेवतं आणि पिस्टनचा रबर त्या छिद्रावर बसून राहतो. लिव्हरला सुरुवातीला जो थोडा प्ले लागतो तो इथे शून्य आहे. मग गाडी ट्रॅफिकमध्ये तापली की ऑइल फुगणार, जायला जागा नाही, पॅड आणखी दाबणार, आणखी तापणार.

कानशीने नाक घासलं तर दहा मिनिटांत होईल, पण काका म्हणाले, ब्रेकच्या पार्टला मी कानस लावणार नाही, हे कंपनीला दाखव. या सगळ्याचा व्हिडिओ मी दुसऱ्या मेलबरोबर पाठवला होता. तो कोणी उघडून पाहिला का?

आणि हे फिटिंगमधलं नाही, लिव्हर आणि सिलेंडर तुमच्याकडून जोडलेलेच आले होते, आम्ही फक्त हँडलवर क्लॅम्प केला. लिव्हर साच्यातून निघतात. माझं लांब असेल तर त्याच लॉटमधली बाकीची पण लांब असणार, आणि ती आज कोणाच्या तरी गाडीवर आहेत. मला खरी झोप येत नाही ती याने. लांबचा प्रवास सलग केला तर कदाचित काही कळणारही नाही, पण ट्रॅफिकमध्ये तापून उताराला लागला तर माणूस जाईल.

मला १६,४०० रुपये परत हवेत, अधिक फिटिंग आणि बुशचे १,८५०. पण त्याच्या आधी हे किट ज्यांना ज्यांना विकलंय त्या सगळ्यांना फोन करून किंवा मेसेज टाकून सांगा की लिव्हरला प्ले आहे का ते बघा, नसेल तर गाडी काढू नका. तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, माझ्याकडे नाहीत. आणि तोपर्यंत किटची विक्री थांबवा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यायचा असतो. माझ्या पहिल्या मेलला आज ३७ दिवस झाले. या मेलला आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच केस टाकता येते आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही. मला तिथपर्यंत जायचं नाहीये, पण जाईन.

गाडीला सध्या परत जुना ड्रम लावलाय. किट बॉक्समध्ये भरून तयार आहे, तुमचा कुरिअरवाला कधीही येऊन घेऊन जाऊ दे. मास्टर सिलेंडर आणि लिव्हर मात्र तुमचा टेक्निकल माणूस माझ्यासमोर चेक करेपर्यंत मी देणार नाही.

आपला ग्राहक,
नौपाडा, ठाणे
(बिल, लेथवाल्याची पावती आणि व्हिडिओ परत जोडलेत)