विषय: बोटीच्या इंजिनच्या शंभर तासांच्या सर्व्हिसचे पैसे घेतले, पण गिअरकेस (इंजिनचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) उघडलीच नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल दुपारी माझं बोलणं अर्धवट असताना तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणून हे लेखी कळवतो आहे. आजवर तीन तक्रार क्रमांक मिळाले. दर वेळी नवा क्रमांक, नवा माणूस, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. आता एकदाच सांगतो.

इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं, फोर स्ट्रोक, वॉरंटीतलं. वीस तासांची सर्व्हिस तुमच्या अधिकृत सेंटरवर केली. शंभर तासांचीही तिथेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, बोट वरच असते, म्हणून जुलैत इंजिन उतरवून टेम्पोने मी स्वतः घेऊन आलो. बिलावर ओळीने लिहिलं आहे: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फ्युएल फिल्टर, ॲनोड, वॉटर पंप इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी वर ओढणारं रबरी पात्यांचं चाक). मजुरी वेगळी. सगळे पैसे जागच्या जागी दिले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारसोळ्यासमोर खाडीत असताना इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली. मग थेंब थेंब, मग तीही बंद. मी इंजिन बंद करायला हात घातला तोवर बझर वाजला आणि आरपीएम पडले. आधी वाटलं, प्लास्टिकची पिशवी अडकली असेल. आपल्या खाडीत ते नेहमीचं आहे. इंजिन वर उचलून पाहिलं, पाणी आत घेणारी जाळी साफ होती. ओहोटी जोरात लागली होती, ओढ बंदराकडे, जिकडे मोठी जहाजं फिरतात. बोटीत मी आणि माझा पुतण्या, वल्हं एकच. कसेबसे काठाकडे सरकलो आणि चिखलात बसलो. भरतीचं पाणी यायला साडेचार तास लागले. बर्फ विरघळला, कोळंबी गेली. बायको जेट्टीवर पाट्या घेऊन अंधार पडेपर्यंत उभी होती.

तुमच्या सेंटरने नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. मी थांबलो नाही. गावातल्या मेकॅनिककडून गिअरकेस खाली उतरवली आणि सुरुवातीपासून व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ सोबत आहे, तो पाहा. बोल्टला पाना लावण्याआधी मेकॅनिकने माझा हात धरून बोट त्यावर फिरवायला लावलं. कंपनीचा रंग बोल्टच्या डोक्यावरून केसिंगपर्यंत सलग होता. पाना फिरला तेव्हा तो रंग पहिल्यांदा तडकला, टिकल्या उडाल्या. आतला इम्पेलर मूळचाच. दोन पाती मुळापासून तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून कडक झालेली. तुटलेल्या रबराचा एक तुकडा वर पाण्याच्या वाटेत सापडला, दुसरा अजून सापडलेला नाही. गिअर ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. ते कधीपासून तसं आहे, हे तुम्ही जुलैत स्क्रू काढून पाहिलं असतं तर तुम्हालाच माहीत असतं.

गिअरकेस उतरवल्याशिवाय इम्पेलर बदलता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग बिलात लावलेला इम्पेलर कुठे बसवला?

हाच प्रश्न मी काल फोनवर विचारला. त्यावर काय उत्तर मिळालं ते शब्दाला शब्द लिहितो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी इच्छा आहे. "काका, इंजिन खाऱ्या पाण्यात चालवता का?" हो, खाडीत. "मग मेंटेनन्सचा प्रॉब्लेम आहे. तुम्ही लोक फ्लशिंग करत नाही." मी सांगितलं, प्रत्येक फेरीनंतर करतो. पिंपात गोडं पाणी भरून, इंजिन त्यात उभं करून दहा-पंधरा मिनिटं चालवतो. "त्याचा व्हिडिओ आहे का?" रोजचा? "प्रूफ लागेल ना, काका." मी म्हटलं, वही आहे. प्रत्येक फेरीची तारीख, तास, फ्लशिंग, ग्रीस कधी मारलं, प्रोपेलर काढून शाफ्टला अडकलेला जाळ्याचा धागा कधी काढला, सगळं लिहिलेलं आहे. तो म्हणाला, "वहीत काय, कोणीही काहीही लिहितं."

फोन स्पीकरवर होता. ती वही माझी मुलगी लिहिते. नववीत आहे. मी खाडीवरून आलो की हात धुण्याआधी तास सांगतो आणि ती लिहून घेते. ती बाजूलाच बसली होती. वही मिटून आत गेली.

"तुम्ही लोक" म्हणजे कोण? आमच्या घरी नळाला सकाळी पाणी येतं. त्यातलं एक पिंप इंजिनसाठी आधी भरतो, मग घरातलं. मेंटेनन्स केला नाही तर काय होतं हे मला फोनवर शिकवू नका. चिखलात साडेचार तास मी बसलो होतो, तो माणूस नाही. घरी जे करायचं ते मी रोज केलं. तुमच्या सेंटरने जे वर्षातून एकदा करायचं, तेच झालं नाही, आणि त्याचे पैसे घेतले. पुन्हा लिहितो: पैसे घेतले आणि गिअरकेस उघडली नाही.

सेंटरवाले आता म्हणतात की हा कमर्शियल वापर आहे, ग्राहक म्हणून तक्रार चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यापारी वापरात धरत नाहीत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फीही लागत नाही. तुमचं नाव बघून मी हे इंजिन घेतलं होतं, दुसरं स्वस्त मिळत असताना. ते आता बोचतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. इंजिन पूर्ण उघडून, हरवलेला रबराचा तुकडा शोधून, सिलिंडर हेड तपासून दुरुस्त करून द्या. जुलैच्या सर्व्हिसचे पैसे परत करा. आणि वहीबद्दल जो बोलला त्याने माझ्या मुलीची माफी मागावी.

आणखी एक. आमच्या जेट्टीवर तुमच्याच कंपनीची आणखी दोन इंजिनं आहेत, दोन्ही त्याच जुलैत, त्याच सेंटरवर सर्व्हिस झालेली. काल संध्याकाळी टॉर्च लावून मी त्यांच्या गिअरकेसचे बोल्ट पाहिले. रंग सलग आहे. दोघांनाही मी बोटी काढू नका म्हणून सांगितलं आहे आणि दोघांचा रोजचा धंदा बुडतो आहे. माझ्या इंजिनआधी त्यांची उघडून पाहा.

एक ग्राहक,
दिवाळे कोळीवाडा, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई