सूचना : १४ नोव्हेंबरची बैठक, मधुमेह आणि संसर्ग

सर्व सभासदांना नमस्कार,

जागतिक मधुमेह दिनानिमित्त १४ नोव्हेंबरला संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. घरातल्या एकाला सोबत आणा. आजारपणात आपली साखर तपासायची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.

येताना आणा :
- शेवटचा एचबीए१सी (गेल्या २-३ महिन्यांतल्या सरासरी साखरेच्या तपासणीचा) अहवाल
- चालू औषधांची यादी
- फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली असल्यास तिची नोंद

रक्तातली साखर सतत वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. उलट संसर्ग झाला की ताणाची संप्रेरके साखर आणखी चढवतात. क्षयरोगाचा धोका तर मधुमेहींना इतरांपेक्षा २ ते ३ पट असतो. म्हणून २ आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम किंवा वजनात घट असेल तर बैठकीची वाट पाहू नका, आधी तपासणी करून घ्या. क्षयाचे उपचार चालू असलेल्यांनी मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवाव्यात. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

ताप आला, जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करायचे नाही. हा नियमच समजा. काही गोळ्या मात्र आजारपणात थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आत्ताच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

तळपाय रोज पाहा. न दुखणारी जखमही दाखवा.

सर्दी-ताप असेल त्यांनी कृपया येऊ नये, टिपणे ग्रुपवर पाठवू. येणाऱ्यांनी १० नोव्हेंबरपर्यंत नाव कळवावे.

– सचिव