फेयॉल खाणीतून आले होते
पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील व्यवस्थापन म्हणजे निव्वळ पाठांतर, तो विषय काढूनच टाकावा, हे आपल्या अंकातील लेखाचे मत पटले नाही. हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मुले घोकतात, हे खरे; मीही घोकली. पण फेयॉल मूळचे खाण अभियंता. डबघाईला आलेली खाण कंपनी १८८८ पासून तीस वर्षे सांभाळताना त्यांना जे उमगले, तेच ही तत्त्वे आहेत, हे वर्गात सांगितलेच जात नाही. त्यांतले ‘आदेशातील एकवाक्यता’ हे तत्त्व, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाने आदेश द्यावेत, मला कळले ते नाटकाच्या प्रयोगात. एकाच मुलाला दोघांनी दोन कामे सांगितली आणि ऐन वेळी पडद्याच्या दोरीपाशी कोणीच नव्हते! असा स्वतःचा एखादा प्रसंग मुलांकडून आधी लिहून घ्यावा, तत्त्वाचे नाव मागाहून सांगावे.
– एक माजी विद्यार्थी