दादाचा रिपोर्ट

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत कपाटातली दादाच्या पोस्टमॉर्टेमची फाइल मी तुम्हाला न विचारता वाचली. ‘मीच त्याला मैदानावर धाडला’ हे तुमचं वाक्य इतकी वर्षं ऐकतेय. फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

त्या दिवशी शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांना काही सापडलं नाही. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, म्हणून मृत्यूचं कारण राखून ठेवलं. पण हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा कागद मागाहून आला, त्यावर स्पष्ट लिहिलंय: मायोकार्डायटिस. तो आपल्याला कुणी समजावून सांगितलाच नाही. आता मी रोज अशाच काचपट्ट्या बघते. हृदयाच्या स्नायूला सूज येते, बहुतेकदा विषाणूमुळे. स्नायूंच्या धाग्यांत पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतात, मधूनमधून स्नायुपेशी मेलेल्या. वरून मात्र हृदय धडधाकट दिसतं. अशा हृदयावर पळण्याचा ताण आला की ठोक्यांची लय एकदम बिघडू शकते, आणि माणूस जागीच कोसळतो. गाव काहीही म्हणो, दादाला हार्ट अटॅक आला नव्हता.

आठ दिवस आधी त्याला ताप होता. ‘घाम निघाला की अंग हलकं होतं’ असं आजीही म्हणायची, आणि भरतीचे सोळाशे मीटर तोंडावर आले होते. बाबा, स्वीडनमध्ये नकाशा घेऊन रानातून धावायचा एक खेळ आहे, ओरिएंटियरिंग. १९७९ ते १९९२ या काळात त्यातले १६ तरुण खेळाडू असेच अचानक गेले. बऱ्याच जणांच्या हृदयात हीच सूज निघाली. शेवटी तिथे सहा महिने स्पर्धा बंद ठेवल्या. डॉक्टर हाताशी असलेल्या त्या लोकांनाही कळायला इतकी वर्षं लागली. तुम्हाला कसं कळणार होतं?

आई, पिंट्याचा ताप कालच उतरलाय आणि तो पहाटे पळायला जायचं म्हणतोय. जाऊ देऊ नकोस. प्रत्येक तापात असं होत नाही, घाबरू नकोस. पण छातीत दुखलं, धडधडलं, जिना चढताना दम लागला किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांग. सूज निघालीच तर तीन ते सहा महिने पळणं बंद. भरती पुन्हा निघेल.

मी शनिवारी येतेय. तोवर त्याचे बूट तुझ्या कपाटात कुलपात ठेव.

तुमची,
ताई