ब्लायबराचे लाकडी देवदूत

इप्स्विच, जून

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार. वाड्याच्या कडीपाटावरचा, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छतावरचा, जुना रंग खरवडायचा की तसाच ठेवायचा, असं तू विचारलं होतंस. मालकांना पॉलिश हवंय हेही लिहिलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. या बाबतीत माझं जे काही मत झालंय ते इथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये झालंय.

सफोकच्या किनाऱ्यालगत, ब्लाइथ नदीच्या खाजणाकाठी ब्लायबरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चला लोक खाजणातलं कॅथीड्रल म्हणतात. मूठभर घरांच्या गावात एवढं मोठं चर्च आलं कुठून? तर पंधराव्या शतकात हे भरभराटीचं बंदर होतं. १४१२ मध्ये तिथल्या मठाला चर्चचा वेदीकडचा भाग नव्याने बांधायची परवानगी मिळाली आणि पुढची काही दशकं काम चाललं. मग जहाजं मोठी होत गेली, नदी गाळाने भरली. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ मध्ये मठही बंद झाला आणि गाव गरीब झालं. मला वाटतं, चर्च वाचलं ते या गरिबीमुळेच. जुनं काढून नवं बसवायला कुणाकडे पैसेच उरले नाहीत.

बाहेरून भिंती गारगोटीच्या आहेत, इकडे चांगला दगडच नाही. गारगोटी फोडून तिची काळी, चकचकीत बाजू दर्शनी ठेवायची आणि मध्ये फिकट दगडाची नक्षी बसवायची, ही इथली खास कारागिरी. पण तुझा जीव आत अडकेल, छताशी.

आत गेलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग छत दिसतं. सभामंडप आणि वेदी यांच्यामध्ये कमानही नाही. छताला उतार अगदी कमी, जवळजवळ आपल्या कडीपाटासारखंच. आडव्या तुळयांच्या मधोमध पाठीला पाठ लावून देवदूत बसवलेत, एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. हातात ढाली, पंख पूर्ण पसरलेले. पंख वेगळे कोरून अंगाला जोडलेत. तुळयांवर पांढऱ्या भूमीवर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची अक्षरं साच्याने रंगवलेली आहेत. आज ती इतकी फिकट झालीत की मान वर करून बराच वेळ पाहिल्याशिवाय डोळ्यांत भरत नाहीत. पण एकदा दिसायला लागली की छतभर दिसतात. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा रंग, आणि त्यावर नंतर कुणी हात फिरवलेला नाही.

एप्रिल १६४४ मध्ये विल्यम डाउसिंग इथे आला होता. पूर्व इंग्लंडमधल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडायचं कामच त्याला तेव्हाच्या राजाविरुद्धच्या युद्धात संसदेच्या बाजूने मिळालं होतं. त्याच्या रोजनिशीत या भेटीची नोंद आहे, देवदूत उतरवायचा हुकूम दिल्याची. तरी देवदूत अजून वर आहेत. एवढ्या उंचावर परांची बांधून चढायला गावाने टाळाटाळ केली असणार, असा माझा अंदाज. त्याच्या माणसांनी देवदूतांवर गोळ्या झाडल्या असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जायचं. लाकडात छर्रे सापडले खरे, पण ते अठराव्या शतकातले निघाले. छतात घुसणाऱ्या जॅकडॉ जातीच्या कावळ्यांना मारायला दारू आणि छर्रे आणल्याचा खर्च चर्चच्या हिशेबात लिहिलेला आहे!

काचांचं नशीब मात्र वाईट. वरच्या ओळीत दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्या आहेत. मुळात या चर्चमध्ये रंगीत काचा होत्या, आता काही तुकडेच उरलेत. बाकी सगळी साधी काच. आज तिथला जो स्वच्छ, पांढरा उजेड पाहून माणसं थबकतात, तो त्या मोडतोडीतून आलाय. मला तो उजेड फार आवडतो, आणि रंगीत काचा गेल्याचं वाईटही तितकंच वाटतं. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची तर आठही अंगं छिन्नीने तासून टाकलीत.

बाकांच्या टोकांवर मात्र माणसं उरलीत, वीतभर उंचीची, ओकच्या लाकडात कोरलेली. ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांपैकी आळस अंथरुणात बसलाय. खादाडपणा स्वतःचं सुटलेलं पोट धरून आहे. लोभ पैशाच्या पेटीवर ठाण मांडून बसलाय. पलीकडे शेतीची कामंही आहेत. सुताराने ही माणसं गावातूनच उचलली असणार, इतकी ती ओळखीची वाटतात. हात ठेवून ठेवून त्यांचे चेहरे गुळगुळीत झालेत, आणि काळसर ओकमध्ये तो घासलेला भाग वेगळा चमकतो. वेदीजवळ १६८२ सालचा एक लाकडी दाढीवाला पुतळाही आहे. पूर्वी तो घड्याळाचे ठोके द्यायचा, आता प्रार्थना सुरू होताना घंटा वाजवतो.

१५७७ च्या ऑगस्टमध्ये ऐन प्रार्थनेच्या वेळी वादळ होऊन मनोऱ्याचा कळस आत कोसळला. एक माणूस आणि एक मुलगा दगावले. उत्तरेच्या दारावरचे जळके डाग त्या दिवशी आलेल्या सैतानी काळ्या कुत्र्याच्या पंजाचे, असं सांगतात. मला ते मेणबत्तीचे वाटतात.

आता तुझ्या प्रश्नाशी थेट संबंध असलेलं सांगतो. एकोणिसाव्या शतकात इमारत इतकी खिळखिळी झाली की १८८१ मध्ये ती बंद करावी लागली. तेव्हा इंग्लंडभर जुनी चर्चं खरवडून नवीकोरी करायची लाट होती. तिच्याविरुद्ध कवी-कलावंत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली होती, आणि ब्लायबराच्या दुरुस्तीवरून तिचा तिथल्या पाद्रीबुवांशी कडाक्याचा वाद झाला. छत गळतंय ते थांबवा, तुळई कुजली असेल तर आधार द्या, पण जुन्या पृष्ठभागाला हात लावू नका, हे त्या मंडळींचं म्हणणं होतं. दुरुस्ती झाली, तुळयांवरचा रंग राहिला.

म्हणून सांगतो, तुझ्या कडीपाटाला सॅंडपेपर लावू देऊ नकोस. धूळ मऊ कुंचल्याने काढ. सुटणारे पापुद्रे आहेत तिथेच चिकटव. जिथे तुळई बदलावीच लागेल तिथे नवी साधी ठेव, जुनी दिसावी म्हणून रंगवू नकोस. मालकांना पॉलिशचा मोह पडला तर हे पत्र दाखव, मी फोनवर बोलायलाही तयार आहे. आणि रंग कुठल्या भूमीवर दिलाय, चुन्याच्या की थेट लाकडावर, ते नीट पाहून कळव. जवळून काढलेले फोटो पाठव, शक्यतो तिरप्या उजेडातले.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद