दोन सीटची बाबागाडी: आधी लिफ्टचे दार मोजा

महोदय,

घरात दुसरे बाळ येणार असले किंवा जुळी झाली, की दोन सीटच्या बाबागाडीचा विषय निघतो. हल्ली ती बहुधा फोनवरचे फोटो बघूनच मागवली जाते. कापडाचा रंग, चहाचा कप ठेवायची जागा, छताची खिडकी यांवर घरभर चर्चा होते. गाडी रोज खाली उतरणार की महिन्याभरात बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येणार, हे मात्र एका आकड्यावर ठरते: मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी. हा आकडा खोक्यावर सापडला तर नशीब; बऱ्याचदा तिथे नुसती सीटची रुंदी छापलेली असते.

शेजारी-शेजारी सीट असलेली गाडी साधारण 71 ते 79 सेंमी रुंद असते. भारतीय मानकानुसार सहा माणसांच्या (408 किलो) लिफ्टचे दार 70 सेंमी उघडते, आठ माणसांच्या लिफ्टचे 80. म्हणजे पुनर्विकास न झालेल्या ज्या सोसायटीत लहान लिफ्ट आहे, तिथे ही गाडी उघडी आत जाणारच नाही. ‘मग मागे-पुढे सीटची घेऊ, ती 60-65 सेंमीच असते,’ असे दुकानदार सुचवतो. पण तिची लांबी 110 ते 125 सेंमी आणि सहा माणसांच्या लिफ्टची खोली 100. चाक दारात राहते आणि दार मिटता मिटत नाही. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये शेजारी-शेजारीची गाडी मावते, तीही दोन्हीकडे जेमतेम अर्धा ते साडेचार सेंमी राखून. जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर जाळी एका बाजूला गोळा होऊन जागा खाते, म्हणून चौकट न मोजता उरलेली मोकळी जागा मोजावी. सोपा मार्ग असा: टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा गाडीच्या मापाचा आयत कापा आणि तो जमिनीवरून सेफ्टी डोअर, चपलांचे कपाट, जिन्याचे वळण असा लिफ्टपर्यंत सरकवत न्या. जिथे पुठ्ठा अडला, तिथे गाडीही अडणार.

मुलांमध्ये तीन वर्षांच्या आसपास अंतर असेल तर दोन सीटची गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे मूल लवकरच तिच्यात बसायला नाही म्हणते. एका सीटच्या चांगल्या गाडीला मागे उभे राहायची फळी जोडली की भागते. फळीची मर्यादा बहुधा 20 किलो असते. ती घेण्याआधी जोडून, थोडे चालून पाहावे. ढकलणाऱ्याची नडगी तिच्यावर आपटते. जुळ्यांना शेजारी-शेजारीचीच बरी. दोघांना वारा सारखा आणि दिसते तेही सारखे, त्यामुळे कुरबुर कमी (एकमेकांचे टोपरे ओढणे सोडून). दीड-दोन वर्षांचे अंतर असते तिथे खरा प्रश्न पडतो, कारण एक धावते आणि दुसऱ्याला मानही सावरत नाही.

अशा तान्ह्या बाळाबाबत तडजोड नको. ते मान धरून स्वतः बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याला जवळजवळ सपाट झोपता आले पाहिजे. पाठ अर्धवट उभी राहिली की डोके पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जाहिरातीत ‘जन्मापासून’ असे लिहिलेले असले तरी दोन्ही सीट पूर्ण आडव्या होतात की एकच, आणि एकमेकींना न अडता होतात का, हे हाताने करून पाहा. मागे-पुढे रचनेत पुढची पाठ आडवी केली की ती बऱ्याचदा मागच्याच्या पायांवर येते. जुळी वेळेआधी जन्मलेली असतील तर बसत्या सीटमध्ये किंवा कारसीटमध्ये कधी ठेवायचे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. आणि उन्हात छतावरून ओढणी किंवा दुपटे पांघरायची जी सवय आहे, ती सोडावी. हवा कोंडते आणि आतली उष्णता झपाट्याने वाढते.

दुकानात रिकामी गाडी कोणतीही सुरेख पळते. म्हणून एका सीटवर 5 किलो आणि दुसरीवर 10 किलो पिठाची पिशवी पट्ट्याने बांधा आणि मग चालवा. शेजारी-शेजारीची गाडी जड बाजूला ओढते. एका हाताने दहा पावले सरळ नेता आली नाही तर नाद सोडा. मागे-पुढेच्या गाडीत जड पिशवी पुढे ठेवा, हॅण्डल खाली दाबा आणि पुढची चाके पायरीवर चढवून बघा. वजन मागच्या चाकांपासून लांब असल्याने इथे खरा जोर लागतो. गाडी 14 किलो, दोन मुले 22, पिशवी 3 असे चाळीसच्या घरातले ओझे रोज चढवायचे आहे. हॅण्डलला मंडईची पिशवी कधीच अडकवू नये. मुले बसलेली असताना तोल राहतो, मूल उचलले की गाडी मागे उलटते.

ब्रेकचे थोडक्यात: हलक्या, छत्रीच्या घडीच्या (छत्रीसारख्या लांबट मिटणाऱ्या) गाड्यांना अनेकदा दोन बाजूंना दोन वेगळे ब्रेक असतात. घाईत एकच दाबला की उतारावर गाडी गर्रकन फिरते. एका पेडलने दोन्ही चाके धरणारी घ्या.

चाकांबाबत मात्र कंजुषी नको. पाच-सहा इंची पुढची चाके पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा पावसाळी गटाराच्या जाळीत रुततात. गाडी जागच्या जागी थांबते आणि ढकलणारा तिच्यावर आदळतो. हवेची 12 इंची चाके आपल्या रस्त्यांवर उत्तम, पंक्चर कोपऱ्यावरचा सायकलवालाही काढतो. फक्त व्हॉल्व्ह (हवा भरायची नळी) मुळातच वाकड्या घडणीचा असेल तर बदली ट्यूबही तशीच मागावी. ती कटकट नको असेल तर भरीव फोमची. पावसाळ्यात फिरत्या चाकाच्या खुंटीभोवती चिखल आणि केस गुंततात, मग चाक थरथरते. चाक काढून धुवावे, पूर्ण वाळवावे आणि सिलिकॉन स्प्रे हलका मारावा. खोबरेल किंवा मशिनचे तेल नको. त्यावर धूळ बसून लगदा होतो.

घडीचे मापही घरीच घ्या. सीएनजीच्या हॅचबॅकमध्ये डिकीची बरीचशी जागा टाकीने घेतलेली असते. पुस्तकासारखी मिटणारी रुंद गाडी तिथे बसत नाही, छत्रीच्या घडीची लांब पडते. जुनी गाडी घेत असाल तर सपाट फरशीवर ठेवून सगळी चाके टेकतात का पाहा, फरशीच्या रेघेवरून सोडून देऊन सरळ जाते का बघा, आणि बकल व घडीचे लॉक दहा-बारा वेळा लावून-काढून बघा. सांगाडा वाकलेला असला तर स्वस्तातही नको.

आता महापालिकेबद्दल. 2016 मध्ये पुण्याने पादचारी धोरण स्वीकारले. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथ किमान 1.8 मीटर रुंद मोकळा असावा आणि 15 सेंमीपेक्षा उंच नसावा, असे आहे. जंगली महाराज रस्त्यावर जोडगाडी नेता येते. पेठांत ती रस्त्यावरूनच न्यावी लागते. दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेले खांब काही ठिकाणी इतके जवळ आहेत की व्हीलचेअरही अडते. जिथून जोडगाडी जाईल तिथून स्कूटरही जाईल, हे खरे आहे. पण त्यावर उपाय दंडाचा आहे, फट बुजवण्याचा नाही.

दुकानदारांना एक विनंती. मागच्या चाकांची रुंदी, उघड्या गाडीची लांबी, घडीचे माप आणि प्रत्येक सीटची किलोतली मर्यादा हे चार आकडे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीइतक्याच ठळक अक्षरांत लावावेत.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे