आजोबांचे कागद मशीनला देण्याआधी

हॅनोव्हर, जर्मनी
१० मे

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काल आईचा फोन झाला. "तुझे बाबा दिवसभर कागद पसरवून बसून राहिले, जेवायला तीनदा हाक मारावी लागते," अशी तक्रार होती, पण आवाजात कौतुकच जास्त होतं. दादाने मामाच्या धरमपेठेतल्या ऑफिसातून स्कॅनर मागून आणला आणि नागपूरच्या महाल भागातलं घर पाडायला द्यायच्या आत माळ्यावरच्या ट्रंका तुम्ही रिकाम्या करायला घेतल्या, हे ऐकून बरं वाटलं. थोडी धास्तीही वाटली. त्या जातीच्या मशीनशी माझा रोजचा संबंध आहे. कंपनीच्या जुन्या फायली सोडवायच्या, मशीनला द्यायच्या आणि नावं देऊन जागी लावायच्या, याचाच इथे मला पगार मिळतो. फोनवर यातलं काही धड सांगता येत नाही, मध्येच कुकरची शिट्टी होते. म्हणून सविस्तर लिहिते.

दादाने पाठवलेल्या फोटोत दिसलं की हा वरून कागद ओढणारा स्कॅनर आहे, काचेवर पुस्तक पालथं घालायचा नाही. ट्रेमध्ये पन्नास कागदांचा गठ्ठा ठेवला की रबरी रोलर एकेक कागद आत घेतो आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत टिपतो. मिनिटाला चाळीसेक कागद सहज जातात. पण हा वेग ऑफिसच्या कागदासाठी आहे, सारख्या मापाच्या, सारख्या जाडीच्या आणि करकरीत. आजोबांचा कागद तसा नाही. त्या काळच्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा आणि तुरटी असायची, त्यामुळे तो आतल्या आत आम्लाने कमजोर होत जातो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेला तर फारच लवकर. असा कागद घडीवर पापडासारखा मोडतो. रोलरमध्ये तो अडकला तर पुढचं सांगायला नको.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की मशीन सुरू करण्याआधी निवडानिवड करा. त्यात आठ दिवस गेले तरी जाऊ द्या, मशीनचं काम दोन दिवसांत उरकतं. कागद दोन्ही हातांत धरून अगदी हलका वाकवून पाहा. सहज वाकला तर मशीनला द्या. कुरकुरला किंवा घडीवर भेग दिसली तर त्याला रोलर दाखवायचाच नाही. तो टेबलावर काळ्या कापडावर पसरा आणि चिनूला वरून मोबाइलने फोटो काढू द्या. सकाळी खिडकीजवळचा उजेड चांगला, पण थेट ऊन नको आणि फ्लॅश तर नकोच. मामाच्या ऑफिसात एका कडेला जोडलेली प्लास्टिकची पारदर्शक शीट आहे का, तेवढं विचारा. अशा स्कॅनरला ती बहुधा लागू पडते. फाटका कागद, लहान चिठ्ठी, जुना फोटो तिच्या पोटात ठेवून आत सोडला तर रोलर प्लास्टिकला लागतो, कागदाला नाही.

टाचण्यांचं तर विचारूच नका. तुमच्या पिढीने स्टेपलरऐवजी टाचणी वापरली म्हणून कागद वाचले असं मला पूर्वी वाटायचं, पण गंजलेली टाचणी स्टेपलपेक्षा वाईट. गंज कागदाला चिकटून बसतो आणि ओढली की तुकडा सोबत घेऊन येते. कागद सपाट ठेवायचा, टाचणी बोटाने थोडी मागेपुढे हलवून आधी गंज सुटू द्यायचा, मग सावकाश काढायची. स्टेपल मागून उघडायचं, दोन्ही पाय सरळ करायचे आणि मग पुढून उचलायचं. एकही राहता कामा नये. आतल्या काचेवर त्याचा ओरखडा उठला तर पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येत राहील. धुळीचा कण बसला तरी तशीच रेघ दिसते, पण ती पुसली की जाते. झाकण उघडायचं, मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं आणि काच पुसायची. औषधांच्या दुकानात मिळतं.

आणि कूलर! वाळ्याच्या ताट्यांचा गारवा आपल्याला सुखाचा, पण त्या ओल्या हवेत कागद फुगतात, एकमेकांना धरून बसतात, आणि मशीन दोन-दोन पानं एकदम ओढतं. एक पान दुसऱ्याच्या पाठीमागे लपून निघून जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दोन कागद गेल्याचं आवाजाच्या लहरींनी ओळखायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू आहे ना हे दादाला पाहायला सांगा. तरीही कूलर लावायच्या आधी, सकाळी सहा ते नऊ काम करा. पंखाही बंदच ठेवा, नाहीतर क्रम लावलेला गठ्ठा घरभर होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, महालातल्या घराचं खरेदीखत. ते मला चांगलं आठवतं, कारण लहानपणी तुम्ही ते दाखवताना हात धुऊन यायला लावायचे. हिरवट जाड कागद, खाली पणजोबांची मोडीतली सही, शेजारी अंगठ्याचे दोन ठसे, आणि पाठीमागे मुद्रांक विक्रेत्याची नोंद व नोंदणी कार्यालयाचा जांभळा शिक्का. तो शिक्का मी लहान असतानाच फिका होता, आता तर उजेडात तिरपा धरूनच दिसत असेल. हे मशीन आपल्या नेहमीच्या सेटिंगवर त्याची वाट लावेल. सांगते कशी.

इथे सगळं एफोर मापात चालतं. ते माप जर्मनांनी १९२२ मध्ये ठरवलं आणि आता बहुतेक जगाने घेतलं. आपले स्टॅम्प पेपर मात्र लीगल मापाचे, चौदा इंची. मशीन एफोरवर ठेवलं तर खालचा जवळजवळ सहा सेंटिमीटरचा पट्टा कापला जाईल, म्हणजे नेमक्या सह्या! तेव्हा माप लीगल करा. दोन्ही बाजू टिपायचं बटण चालू ठेवा. 'कोरं पान गाळा' अशी एक सोय असते, ती आठवणीने बंद करा, कारण फिक्या शिक्क्याची पाठ मशीनला कोरी वाटते आणि ते ती गुपचूप टाकून देतं. रंग 'ऑटो'वर नको, रंगीतच ठेवा, नाहीतर जांभळा शिक्का पांढऱ्यात जाईल. बारकावा ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरे. फोटोंना ६०० द्या. त्याहून जास्त घेतलं तर फायली फुगतात, अक्षर काही जास्त वाचता येत नाही.

फाइल लहान करायचा मोह दादाला होईल, त्याला आवरा. इथे आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला एक गोष्ट हमखास ऐकवतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराचा नकाशा ऑफिसच्या मोठ्या मशीनवर स्कॅन केला. मूळ नकाशात एक खोली २१.११ चौरस मीटर होती, स्कॅनमध्ये ती १४.१३ झाली. शेजारची १७.४२ होती, तीही १४.१३! मशीन जागा वाचवायला सारखे दिसणारे ठिपके एकदाच साठवायचं आणि इतर ठिकाणी तेच चिकटवायचं, त्यात आकडे बदलत होते. अक्षरं इतकी स्वच्छ की कुणाला शंकाही येऊ नये. आपल्या खतात चतुःसीमा आहेत, क्षेत्रफळ आहे. तिथे सहाचा आठ झालेला परवडणार नाही. काळ्या-पांढऱ्यातलं फार दाबलेलं पीडीएफ घेऊ नका, साध्या रंगीत जेपीईजीचं घ्या. आणि खताचे आकडे तुम्ही स्वतः मूळ कागदाशी ताडून पाहा. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे ताडले, आता घरचे.

चिनूचा मेसेज आला होता, "आत्या, आजोबांच्या बाबांचे कागद मध्य प्रदेशचे कसे? आपण भोपाळचे आहोत का?" खूप हसले. त्याला समोर बसवून सांगा, की सी. पी. अँड बेरारचा, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा, १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूरच होती, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. हे त्याला कळलं नाही तर काटोलच्या शेताचे अर्धे कागद तो भलत्याच फोल्डरमध्ये टाकेल. फायलींना नाव देताना आधी साल, मग महिना, मग तारीख, मग विषय: १९५३-०६-१२ महाल घर खरेदीखत, असं. मग त्या आपोआप काळाच्या ओळीत लागतात. 'स्कॅन ००४७' असलं नाव कुठल्याही कागदाला राहू देऊ नका. आणि हे नाव देण्याचं काम चिनूवर सोपवून तुम्ही पेपर वाचत बसू नका. काटोलच्या कागदातली ती 'मोठी बाई' कोण, हे घरात तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

शेताचे आजचे सातबारे मात्र स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका. तलाठ्याच्या सहीच्या जुन्या प्रती ठेवा, पण ताजा उतारा डिजिटल सहीचा महाभूमीच्या साइटवरून मिळतो, दादाला काढता येईल. विजेची जुनी बिलं आणि कूलरच्या पंपाची वॉरंटी रद्दीत. आईशी भांडण होईल, पण रद्दीतच. स्कॅन झाला म्हणून खत मात्र फेकायचं नाही आणि लॅमिनेटही करायचं नाही. बँकेत, कोर्टात मूळ कागद मागतात, आणि लॅमिनेट केलेला कागद परत कधीच सुटत नाही.

पुस्तकांचं मी वेगळं सांगते. दादा म्हणाला, बाइंडरकडून पुठ्ठे कापून आणू, पानं मोकळी झाली की मशीन खाऊन टाकेल. त्याचं चूक नाही, इथेही असंच करतात. पण कापायचं ते बाजारात पुन्हा मिळणारं पुस्तक. आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेल्या पोथ्यांना कटर लावलात तर मी तिकीट काढून येईन. ती मोबाइलनेच टिपा, पुस्तक पूर्ण न उघडता, दोन्ही बाजूंना उशा लावून, एका वेळी एकच पान. आणि ते पीडीएफ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांचा असतो. आपल्या वाचनापुरती प्रत वेगळी, वाटप वेगळं.

छापील मराठी आता संगणकाला बऱ्यापैकी वाचता येतं. टेसरॅक्ट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात भाषा मराठी निवडायची, नाहीतर ते इंग्रजी समजून काहीतरी भलतंच काढतं. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो. जोडाक्षरांत चुका राहतात, त्या राहू द्या, शोधायच्या कामापुरतं पुरतं. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'झालें' असं अनुस्वारासकट छापलेलं असतं, तेव्हा शोधताना तसंही लिहून पाहा. हाताने लिहिलेलं संगणकाला भरवशाने जमत नाही, मोडी तर सोडाच.

म्हणूनच आजोबांच्या हिशेबाच्या वह्या मला हव्यात. एम्प्रेस मिलच्या पगाराच्या दिवशी काय काय आणलं हे त्यांनी ओळीने लिहून ठेवलंय, इतवारीतून तूर डाळ, बर्डीवरून आईच्या... म्हणजे आजीच्या बांगड्या. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल आता नाही, तिथे मॉल उभा आहे. मिलबद्दल लिहिणारे लिहितील, पण मिलमधल्या माणसाच्या घरात महिन्याला गूळ किती यायचा हे त्या वहीशिवाय कुठे सापडणार? वह्या शिवलेल्या आहेत, तेव्हा मशीनला नाहीच. चिनूने पान टिपावं, तुम्ही मोठ्याने वाचावं आणि त्याने फोनमध्ये ते रेकॉर्ड करावं. आजोबांचं अक्षर तुमच्या आवाजात आलं की मला इथे टाइप करून घेता येईल.

सगळं झालं की एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दादाकडे, एक तुमच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे. तिन्ही एकाच घरात नकोत. पण सुरुवातीला एकदम सगळं पाठवू नका. खरेदीखताची पुढची-मागची बाजू, एक फोटो आणि वहीचं एक पान, एवढंच आधी पाठवा. मी पाहून काय बदलायचं ते कळवते, मग पुढे चला.

दुपारी बाहेर पडू नका, उन्हाचं सांभाळा. आईला नमस्कार, दादा-वहिनींना आणि चिनूला आशीर्वाद नव्हे, नुसतंच प्रेम, नाहीतर दादा म्हणेल धाकटी असून आशीर्वाद देते!

तुमची,
ताई (चिनूची आत्या)

ता. क. आईची पदार्थांची वही कुणी मशीनमध्ये घालू नये. सांबारवडीच्या पानाला तेल आहे, ते रोलरला लागलं की मामाच्या ऑफिसचे कागद महिनाभर घसरत राहतील. स्कॅनर परत देण्याआधी दादाला रोलर पुसून द्यायला सांगा, आणि मामीसाठी संत्रा बर्फीचा डबा पाठवा.